दुसऱ्या अंड्यानंतर मादी कबुतर उठेनाशी होते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका कबुतरपालकांची गच्चीवर पत्र्याची बंदिस्त ढाबळ असून तिच्यात होमर आणि लक्का या जातींच्या मिळून बारा जोड्या आहेत. त्यांतील दोन वर्षांच्या एका होमर मादीने दिवाळीपासूनच्या चौथ्या खेपेचे दुसरे अंडे परवा दुपारी घातले आणि काल सकाळपासून ती घरट्याशेजारी छाती टेकून पडून आहे. तिचे पाय मागे पसरलेले व पंख सैल आहेत. डोळे उघडे आहेत आणि दाणे पुढे केल्यास ती दोन-चार टिपते. दुसऱ्या अंड्याचे कवच पातळ व खरखरीत आहे. तिसऱ्या खेपेची अंडी फुटली होती आणि त्यानंतर दहाव्या दिवशीच ही खेप सुरू झाली. खाद्य बाजरी, ज्वारी आणि मका यांचे आहे. एका जाणकारांनी पाण्यातून टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक देण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी ही मानमोडी, म्हणजे मान पिळवटणारा साथीचा रोग, असल्याचे सांगून पक्षी ताबडतोब काढून टाकण्यास सांगितले.

आपण अंडी घातल्याची वेळ आणि कवचाची अवस्था या दोन्ही गोष्टी कळवल्यात, हे फार चांगले केलेत, कारण अंडी घातल्यानंतर आजारी पडणाऱ्या मादीचे निदान निम्म्याहून अधिक या दोन नोंदींवरच होते. दुसऱ्या अंड्यानंतर चोवीस तासांच्या आत दोन्ही पाय आणि त्याबरोबर पंखही ढिले पडणे, शुद्ध व भूक शाबूत असणे आणि शेवटच्या अंड्याचे कवच पातळ निघणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की माझा पहिला संशय रक्तातील कॅल्शियम घसरल्याचा असतो. गाय व्यायल्यावर तिला दुग्धज्वर होतो आणि ती मान कुशीत घालून बसून राहते, हे आपल्या भागातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. आपल्या मादीचे दुखणे त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की गाईचे कॅल्शियम दुधात जाते आणि हिचे कवचात गेले.

आधी आज काय करावे ते सांगतो. मादीला ढाबळीतून काढून पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पेटीत शांत जागी ठेवावे. जुन्या मऊ कापडाची, घागरीखाली डोक्यावर घेतात तशी चुंबळ करून तिच्यात तिला बसवावे, म्हणजे छातीच्या हाडावर सगळा भार पडणार नाही आणि पाय पोटाखाली राहतील. पेटीच्या एका बाजूला बाहेरून बल्ब लावून आतली हवा साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस राहील असे पाहावे. दुसरी बाजू थंड असू द्यावी, म्हणजे तिला सरकून जाता येईल. पाण्याचे उथळ भांडे चोचीच्या टप्प्यात हवे. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, त्यामुळे तिचे डोके हलकेच पाण्याकडे नेले तरी पुरते. चोच उघडून ड्रॉपरने पाणी किंवा औषध ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि अशक्त पक्षी ते वेळेवर मिटू शकत नाही. घरी कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाचे सरबत असेल तर त्याचे दोन-तीन थेंब चोचीच्या कडेने, एकेक थेंब गिळल्याची खात्री करून द्यावेत. मात्र ज्या मादीला मानही सावरत नाही तिला तोंडाने काहीही देऊ नये. तिला इंजेक्शनच लागते. ते कॅल्शियम ग्लुकोनेटचे, योग्य प्रमाणात पातळ केलेले आणि पशुवैद्यकाच्या हातून दिलेले असावे. गाईगुरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने सुई भरणाऱ्यांमुळे दगावलेले पक्षी मी पाहिले आहेत. शिरेतून भरभर गेलेले कॅल्शियम हृदय थांबवते.

निदान बरोबर असेल तर उपचारानंतर काही तासांत, फार तर एका दिवसात फरक दिसतो. मादी प्रथम पंख आवरते, मग पाय पोटाखाली घेते आणि मग उभी राहते. चोवीस तासांत काहीच हालचाल सुधारली नाही, तर कॅल्शियमचा हट्ट सोडून दुसऱ्या कारणाकडे वळावे लागते. त्याविषयी पुढे लिहितो.

हे घडले का, ते समजून घेतल्याशिवाय पुढची खेप सुरक्षित होणार नाही. कबुतराची मादी एका खेपेला बहुधा दोनच अंडी घालते. पहिले अंडे दिवस मावळायच्या सुमारास येते आणि दुसरे त्यानंतर साधारण चव्वेचाळीस तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी. कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि एका कवचाला काही शे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आता आपल्या खाद्याचा हिशेब पाहा. १०० ग्रॅम मक्यात सुमारे १० मिलिग्रॅम, ज्वारीत सुमारे २५ आणि बाजरीत सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि मादी दिवसाला तीस-चाळीस ग्रॅमच दाणे खाते. म्हणजे केवळ या तीन धान्यांवर तिला दिवसाला जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळते. शिवाय धान्यांत फॉस्फरस भरपूर असल्याने आणि त्यातला बराचसा फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या संयुगाच्या रूपात असल्याने आहे तेही पुरते शोषले जात नाही. मग कवच बनते कशातून? तर हाडांतून. अंडी घालण्याच्या काही दिवस आधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत हाडाचे जाळीदार जादा साठे तयार होतात, आणि रक्तातील कॅल्शियम नेहमीच्या दुप्पटीपर्यंत चढते. हाडांतील हा प्रकार कोंबडीच्याही आधी कबुतराच्या मादीत वर्णिला गेला; काइज आणि पॉटर यांनी १९३४ साली तो नोंदवला. हा साठा म्हणजे घरातली अडीनडीची शिल्लक समजा. तो खेपेखेपेला रिकामा होतो आणि दोन खेपांमधल्या काळात पुन्हा भरावा लागतो. आपल्या मादीला तिसऱ्या आणि चौथ्या खेपेमध्ये दहाच दिवस मिळाले, आणि त्या दहा दिवसांत भरण्यासाठी समोर होते काय, तर बाजरी, ज्वारी आणि मका.

यात उन्हाचा वाटा मोठा आहे. खाल्लेले कॅल्शियम आतड्यांतून शोषून घेण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत उन्हातील अतिनील किरणांनी तयार होते. पत्र्याच्या बंदिस्त ढाबळीत उजेड असला तरी ऊन नसते, आणि काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. रोज मोकळे उडणारे होमर यातून निभावून जातात. विणीसाठी महिनोन्‌महिने कोंडलेल्या जोड्या निभावत नाहीत. माझ्याकडे अशा मादी सर्वाधिक येतात त्या दोन काळांत: पावसाळ्याच्या शेवटी, आणि सलग चार-पाच खेपा घेतलेल्या ढाबळींमधून माघ-फाल्गुनात.

आता अंड्यांविषयी, कारण बहुतेकांची चूक नेमकी येथे होते. आजारी मादीला विश्रांती मिळावी म्हणून अंडी काढून घ्यावीत, हा सल्ला योग्य आहे, पण अर्धवट आहे. अंडी काढली आणि नर तिच्याजवळच राहू दिला, तर आठ-दहा दिवसांत ती पुन्हा अंडी घालते. तिसऱ्या खेपेची अंडी फुटल्यावर आपल्याकडे हेच झाले. म्हणून अंडी त्याच एक-दोन दिवसांत अंड्यावर बसलेल्या दुसऱ्या जोडीखाली ठेवावीत. कबुतर स्वतःचे अंडे ओळखत नाही, ती जोडी निमूट उबवील. पातळ कवचाचे अंडे मात्र ठेवू नये, ते बसण्याच्या भारानेच फुटते आणि चांगले अंडे खराब करते. नराला दुसऱ्या खोलीत, तिला तो दिसणार नाही आणि त्याचे घुमणे ऐकू येणार नाही अशा जागी हलवावे. हे अतिरेकी वाटेल, पण हॅरिसन मॅथ्यूज या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३९ सालीच दाखवून दिले की एकट्या ठेवलेल्या मादीला आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी तिच्यात अंडे तयार होण्याची क्रिया सुरू होऊ शकते. दुसरी मादी शेजारी ठेवली तरी तेच घडते. दोन माद्या जोडी जमवून चार अंडी घालतात, हे आपणही कधी पाहिले असेल.

मानमोडीचे म्हणाल तर आपल्या वर्णनात ती मला दिसत नाही. कबुतरातील मानमोडी हा राणीखेतच्या विषाणूच्याच एका प्रकारामुळे होणारा रोग असून त्यात मान पिळवटते, डोके थरथरते, दाण्यावर मारलेली चोच चुकते आणि विष्ठेऐवजी पाण्याचे थारोळे पडते, कारण मूत्रपिंडे बिघडतात. तो एका पक्ष्यावर थांबत नाही आणि अंड्याची वेळ पाहून येत नाही. नेमकी अंडी घातलेली एकच मादी पडली आहे आणि बाकी तेवीस पक्षी ठीक आहेत, ही स्थिती साथीच्या विरुद्ध बोलते. तरीही आठवडाभर रोज सकाळी बाकीच्यांना दाणे टिपताना नीट पाहावे. चोच चुकणारा एखादाही पक्षी दिसला, तर माझे वरचे मत बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

मज्जातंतूवरील दाब हे दुसरे कारण मी अधिक गांभीर्याने घेतो, कारण ते कॅल्शियमच्या कमतरतेशी सहज गल्लत होण्याजोगे आहे. पायांकडे जाणारे तंतू कमरेच्या हाडाला लागून, मूत्रपिंडांमधून जातात. मोठे किंवा रेंगाळलेले अंडे पुढे सरकताना ते दाबले गेले तर अंडे घातल्यावर मादीचे पाय लुळे पडतात. पण अशा मादीचे पंख शाबूत असतात. हातात घेतल्यावर ती जोरात फडफडते, आणि बहुधा एक पाय दुसऱ्यापेक्षा अधिक अधू असतो. तिला चुंबळ, ऊब, हाताशी दाणा-पाणी आणि वेळ एवढेच लागते. काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत ती चालू लागते. आपण मादी उचलून पंखांचा जोर पाहिला आहे का, हे प्रश्नात नाही. ते आजच पाहावे.

अंडे अडकण्याचा धोका आपल्या मादीच्या बाबतीत टळला असला, तरी बाकीच्या अकरा माद्याही तेच खाद्य खात आहेत, म्हणून त्याविषयी लिहितो. पहिल्या अंड्यानंतर पन्नास तास उलटूनही दुसरे आले नाही आणि मादी खेळती असेल, तर चिंतेचे कारण नाही. कोवळ्या माद्या पुष्कळदा एकच अंडे घालतात. परंतु ती पिसे फुलवून, पाय फाकवून, शेपटी खालीवर हलवत जोर करीत असेल आणि बोटांनी हलकेच चाचपल्यावर पाठीमागच्या दोन टोकदार हाडांच्या आत अंडे लागत असेल, तर ते अडकले आहे. ऊब, दमट हवा, अवस्कराच्या, म्हणजे अंडे व विष्ठा बाहेर पडण्याच्या द्वाराच्या, कडेला थोडे निर्जंतुक वंगण आणि कॅल्शियम एवढ्यावर बरीच अंडी सुटतात, कारण अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागते. दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न करू नये. ते आत फुटले तर कवचाच्या धारेने नलिका चिरते आणि त्यानंतर मादी वाचवणे फार कठीण. जोर करून करून लाल, ओलसर मांस बाहेर आले असेल, तर त्यावर कोमट सलाईन शिंपडून ते ओले ठेवावे, इतर पक्षी टोचणार नाहीत असे मादीला वेगळे करावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. हळद, तुरटी किंवा साखर चोळत बसू नये.

जे दुखणे अंड्यानंतर लगेच न येता आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू येते, त्याची जात वेगळी. मादी वाळत जाते, पोट मात्र खाली भरलेले व मऊ लागते आणि शेपटीखालची पिसे घाण होतात. अशा वेळी बलक नलिकेत न जाता पोटात सांडून तेथे दाह झाल्याची शक्यता असते. याचा शेवट बरेचदा चांगला होत नाही, हे मी पालकांना आधीच सांगतो. ढाबळीत अंड्यांतच पिल्ले मरत असतील, पहिल्या दोन आठवड्यांत पिल्ले दगावत असतील, एखाद्याच्या पंखाच्या सांध्यावर गाठ आली असेल आणि विष्ठा हिरवी, चिकट असेल, तर पॅराटायफॉइड म्हणजे साल्मोनेलाचा विचार करावा लागतो. हा जंतू मादीच्या अंडाशयात राहू शकतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. तो माणसालाही बाधतो, तेव्हा अशी ढाबळ साफ करताना तोंडाला फडके बांधावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. विष्ठेच्या तपासणीशिवाय त्यावर औषध सुरू करू नये. आपल्याला शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. मुंबईकडील लोकांना परळचे महाविद्यालय आहे. पक्षी मेलाच तर तो गोठवू नये. बर्फावर ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनासाठी न्यावा. एका मेलेल्या पक्ष्याची तपासणी बाकीच्यांसाठी दहा बाटल्या औषधांहून अधिक उपयोगी पडते.

टेट्रासायक्लीनचा सल्ला मी स्पष्ट शब्दांत नाकारतो. या गटातील औषधे, डॉक्सीसायक्लीनसुद्धा, आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवतात. म्हणजे औषधही वाया जाते आणि कॅल्शियमही. ज्या मादीचे दुखणेच कॅल्शियमचे, तिला हे देणे म्हणजे कोरड्या पडलेल्या विहिरीवर मोटार लावण्यासारखे आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका पांढऱ्या लक्का मादीला असेच चार दिवस दिले होते, आणि ती गेल्यावर पोट उघडून पाहिले तेव्हा तिची मांडीची हाडे कागदासारखी वाकत होती. त्यानंतर पडलेल्या मादीला प्रतिजैविक देण्यापूर्वी मी कवच हातात घेऊन पाहतो. जंतांच्या औषधाबाबतही तितकेच सावध राहावे. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही शेळ्या-गाईंना सर्रास दिली जाणारी औषधे कबुतरांना विषारी ठरू शकतात. ती हाडांतील रक्त तयार करणारा मगज दडपतात आणि वाढीच्या पिसांत व्यंग आणतात. लंगडणाऱ्या मादीला घरातील वेदनाशामक गोळीचा तुकडा देणाऱ्यांना तर हातच जोडतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडे कशी मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी का आली, हे सर्वांसमोर आहे.

काही गोष्टी आजार नसूनही पालकांना घाबरवतात. अंड्यांवर बसलेली मादी दुपारनंतरपासून सकाळपर्यंत जागा सोडत नाही आणि विष्ठा रोखून धरते. सकाळी नर बसायला आला की ती उतरून एकदम मोठा, उग्र वासाचा गोळा टाकते. हे अगदी स्वाभाविक आहे. तसेच पिल्ले फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी नर आणि मादी दोघांच्याही गळ्याखालची अन्नपिशवी जाड व जड लागते, कारण तिच्या अस्तरातून पिल्लांसाठीचे दूध तयार होऊ लागलेले असते. ती दाबून रिकामी करू नये. मात्र या दुधातूनच घशातला पिवळा कॅंकर हा परजीवीचा रोग पिल्लांना लागतो, म्हणून प्रत्येक जोडीची चोच उघडून घसा पाहण्याची सवय हवी.

खाद्यात बदल आजपासून करावा, पण तो बाकीच्या माद्यांसाठी. या मादीला त्याचा उपयोग महिन्याभराने होईल. मक्याचे प्रमाण कमी करून हरभरा, वाटाणा, मूग, मसूर ही कडधान्ये खाद्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत आणावीत; १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीत ते ३०० च्या वर आहे आणि कबुतरे ती आवडीने टिपतात, पण नाचणी घातली म्हणजे काम झाले असे नाही. कवचाचे कॅल्शियम शेवटी शिंपल्यांतूनच येते. शिंपल्यांचा भरड चुरा, समुद्रफेन आणि उकळून वाळवलेली अंड्यांची कवचे वेगळ्या कोरड्या भांड्यात कायम ठेवावीत आणि ओलसर झाल्यास बदलावीत. कोकणातून आणलेले शिंपले गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावेत, नाहीतर मीठ जास्त होते. पानाचा चुना पाण्यात कालवून देण्याची पद्धत काही जुन्या ढाबळींमध्ये आहे. ती मी बंद करायला सांगतो, कारण चुना दाहक असतो. पक्षी भिंतीचा गिलावा टोचत असतील तर ती कॅल्शियमची मागणी समजावी, आणि भिंतीला जुना तेलरंग असेल तर तो आधी खरवडून टाकावा. त्यात शिसे असू शकते आणि शिशानेही पाय लुळे पडतात. ढाबळीच्या पूर्वेच्या बाजूचा एक पत्रा काढून तेथे जाळी बसवली, तर सकाळच्या उन्हाचा प्रश्न एका दुपारच्या कामात मिटतो. मांजर आणि साप यांच्यासाठी जाळी बारीक घ्यावी.

आपल्या मादीला या हंगामात पुन्हा जोडीला लावू नये. ती उभी राहिल्यावर आठवडाभर पेटीत, मग दोन आठवडे उन्हाच्या जाळीत एकटी आणि त्यानंतर माद्यांच्या कप्प्यात, मात्र तेथेही ती दुसऱ्या मादीशी जोडी जमवत नाही ना, यावर लक्ष ठेवून, असा क्रम मी ठेवतो. पिसे झडून नवी येईपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत तिला अंडी घालू देऊ नये. दिवाळीनंतर जोडी लावली तर पहिल्या खेपेची दोन्ही अंडी हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहावीत. कवच गुळगुळीत व एकसारखे असेल तर दोन खेपा घ्याव्यात आणि थांबावे. पुन्हा पातळ निघाले तर त्या मादीला विणीतून कायमची मोकळी करून उडणाऱ्या थव्यात सोडावे. तूर्त आज संध्याकाळपर्यंत तिच्या पंखांचा जोर, विष्ठेचा रंग आणि ती स्वतःहून किती पाणी पिते, एवढे कळवा.